उंच कॉलरचा बूट घोट्याला चावतो?
नाइकीच्या एअर जॉर्डन १ या बास्केटबॉल बुटासारखे १९८५च्या घाटाचे उंच बूट दिसतात झकास, पण नवेपणी कडक कॉलर घोट्याला चावते आणि टाच मात्र आत सटकत राहते.

१. नाड्या खालपर्यंत सैल करा, पाय घालून टाच मागे नीट बसवा.
२. बोटांकडून वर घट्ट करत या. पाऊल वळतं तिथे दोन्ही नाड्या आपापल्याच बाजूच्या वरच्या भोकात घालून छोटे फास ठेवा. मग प्रत्येक टोक समोरच्या फासातून ओढा. खरी करामत हीच, टाच जागची हलत नाही.
३. वरची भोकं मोकळी सोडा, तिथेच गाठ मारायचा हट्ट नको.

सुरुवातीला जाड सुती मोजे घालून घरातच वापरा. चामडं मऊ करायला हेअर ड्रायर मात्र नको, सोलचा गोंद सुटू शकतो.