ऑफिसला येणारे थेरपिस्ट शोधताना: नव्या रिक्रूटरसाठी माझा अनुभव

मी यूएस हेल्थकेअर रिक्रूटिंग करते, त्यात बिहेवियरल हेल्थ, म्हणजे मानसिक आरोग्य वगैरे. आणि गंमत बघा, मी स्वतः घरी बसून फोनवर लोकांना सांगते की तुम्ही मात्र रोज क्लिनिकला जा. सुरुवातीला याची लाज वाटायची, आता कोणी विचारलंच तर सरळ सांगून टाकते, लोक हसतात आणि पुढे नीट बोलतात.

२०२० नंतर थेरपी धडाधड व्हिडिओवर गेली आणि बऱ्याच थेरपिस्टना ते इतकं सोयीचं पडलं की ऑनसाइट म्हटलं की फोन ठेवतात. पण सगळी कामं व्हिडिओवर होत नाहीत ना. चार वर्षांच्या मुलासोबत प्ले थेरपी, इनपेशंट युनिट, रेसिडेन्शियल (जिथे पेशंट राहून उपचार घेतात), क्रायसिस, तिथे माणूस समोरच लागतो. जेडी (जॉब डिस्क्रिप्शन, जागेचं वर्णन) आला की आधी हे विचारून घ्या, की ऑनसाइट का हवंय? मॅनेजरकडे उत्तर नसेल आणि नुसतं 'आमची पॉलिसी आहे' असेल तर ती जागा महिनोन्महिने उघडी राहते, माझं असंच मत झालंय.

माझी पहिली मोठी चूक सांगते. जेडीत हायब्रिड लिहिलं होतं, मी पण तेच सांगितलं, कँडिडेटने ऑफर घेतली आणि जॉइनिंगच्या आदल्या आठवड्यात कळलं की पहिले सहा महिने पाचही दिवस क्लिनिक. तिने बॅकआउट केलं, आणि चूक तिची नव्हतीच. तेव्हापासून मी हायब्रिड हा शब्दच वापरत नाही, कोणते वार, किती वाजता, घरून नोट्स लिहायला एक दिवस मिळतो का, हे लेखी मागते.

मग कोण येतं ऑनसाइट? माझ्या अनुभवात सगळ्यात पटकन असोसिएट, म्हणजे ज्यांचं पूर्ण लायसन्स अजून व्हायचंय. कॅलिफोर्नियात एलएमएफटीला (म्हणजे मॅरेज आणि फॅमिली थेरपिस्टच्या लायसन्सला) ३,००० तास सुपरवाइज्ड अनुभव लागतो, आणि अवघड सेशननंतर शेजारच्या खोलीत सीनियर असणं त्यांना खरंच हवं असतं. म्हणून क्लिनिक सुपरव्हिजन फुकट देतं का, कोण देतं, हा माझा पहिला मुद्दा, पगार नंतर. पण जागा पूर्ण लायसन्सवाल्याचीच असेल तर असोसिएट पाठवून वेळ घालवू नका. आणि लायसन्स राज्यागणिक वेगळं असतं, ते बोर्डाच्या साइटवर आधी तपासा, रेझ्युमेवर भरवसा ठेवू नका.

अनुभवी माणसं विचारतात ते वेगळंच: आठवड्याला किती सेशन, आणि पेशंट आलाच नाही तर पैसे मिळतात का. इन्शुरन्सच्या बिलिंगमध्ये ९०८३७ हा कोड ५३ मिनिटं किंवा त्याहून जास्त वेळ चाललेल्या सेशनचा, म्हणजे पाठोपाठ सहा-सात घेतले की नोट्सला वेळच उरत नाही, त्यात गाडी चालवत जायचं आणि नो-शो झाला की हात हलवत परत, मग घरून काम कोणाला नको असणार? हे प्रश्न ऐकून तुम्ही अडखळलात की त्यांना लगेच कळतं, ऐकणं हाच त्यांचा धंदा आहे (आणि हो, ते 'क्लायंट' म्हणतात ते पेशंटला, आपल्या क्लायंटला म्हणजे क्लिनिकला नाही, माझा यात एकदा भलताच गोंधळ झालाय).

रिमोटच हवंय म्हणणाऱ्याशी वाद घालू नका. फक्त कारण विचारा. एकीला घरून काम नको होतंच, मुलाच्या शाळेमुळे तीनला निघायचं होतं, मी क्लिनिकशी बोलून आठ ते अडीच करून घेतलं. ती अजून तिथेच आहे.