दुखण्याची गोळी घेताना या चुका टाळा

गेल्या आठवड्यात पर्वती पायथ्याजवळच्या एक काकू आमच्या मेडिकलमध्ये आल्या. पर्समधून त्यांनी स्ट्रिपचे कापलेले दोन तुकडे काढले. एकावर नावातलं नुसतं 'फेनॅक' उरलेलं, दुसऱ्यावर फक्त किंमत. एक गोळी गुडघ्याची, हाडांच्या डॉक्टरांनी दिलेली, दुसरी दाढेची. चिठ्ठ्या मागवून पाहिल्या, तर दोन्हींत डायक्लोफेनॅकच. दिवसाला २०० मिलिग्रॅम पोटात जात होतं. मोठ्या माणसाची मर्यादा १५० ची आहे.

ही चूक मला रोज दिसते, आणि दर वेळी काळजी वाटते. रंग वेगळा, कंपनी वेगळी, म्हणून औषध वेगळं असं नसतं. आयबुप्रोफेन, ॲसेक्लोफेनॅक, नॅप्रोक्सेन ही सगळी डायक्लोफेनॅकच्याच घरातली भावंडं; यातली दोन एकदम घेऊ नका. कॉम्बिफ्लाममध्ये पॅरासिटामॉलच्या जोडीला आयबुप्रोफेनही असतं, हे कित्येकांना माहीतच नसतं. स्ट्रिप कापून घेतलीत तर नाव असलेला भाग मागून घ्या, किंवा पुडीवर लिहून घ्या.

दुसरा गैरसमज, 'इंजेक्शन घेतलं म्हणजे पोटाला त्रास नाही.' शरीरातली प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं सूज-वेदना वाढवतात, पण जठराचं अस्तरही तीच सांभाळतात. गोळी त्यांनाच अडवते. औषध रक्तातूनही तिथे पोचतं, त्यामुळे सुईनेही अल्सर होऊ शकतो. जेवून घेतल्याने जळजळ कमी होते, धोका जात नाही. नुसता गुडघा दुखत असेल तर आधी जेलबद्दल विचारा. त्यातलं फार थोडं औषध रक्तात जातं.

मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा सांभाळायलाही हीच द्रव्यं मदत करतात. म्हणून बीपीची, लघवी होण्याची गोळी चालू असेल, उलट्या-जुलाबाने अंगातलं पाणी गेलं असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ही गोळी नको. बीपीही वाढतं, आणि हृदयविकार असलेल्यांना झटक्याचा धोका. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर रक्तस्राव होऊ शकतो. दमेकऱ्यांनी आणि गरोदर बायकांनीही परस्पर घेऊ नये.

पावसाळ्यात पुण्यात डेंग्यू असतोच, आणि त्यात या गोळ्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. ताप आणि हाडं मोडल्यासारखं अंग दुखत असेल, तर डेंग्यू नाही असं कळेपर्यंत फक्त पॅरासिटामॉल, तेही मापात.

शी डांबरासारखी काळी झाली, उलटीत कॉफीच्या चोथ्यासारखं काही दिसलं, छातीत दुखलं, तर सकाळची वाट पाहू नका; गोळी बंद करून थेट कॅज्युअल्टी गाठा. लघवी कमी झाली, पाय सुजले, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

काकूंना बीपीची गोळीही चालू निघाली. दोन्ही डॉक्टरांना त्यांनी दुकानातूनच फोन लावला. दाढेची गोळी बंद झाली, आणि मूत्रपिंड नीट चालतंय का हे कळायला रक्तातलं क्रिएटिनिन तपासायला त्या दुसऱ्या दिवशी सकाळी लॅबमध्ये गेल्या.