टीम तळाला गेलीय? मग ड्राफ्टमध्ये आधी कोणती पोझिशन घ्यायची

हे अमेरिकन फुटबॉलबद्दल आहे हां, एनएफएल, मेस्सीवालं नाही. टीमने सीझनभर मार खाल्लाय, एप्रिलच्या ड्राफ्टमध्ये (तिथे टीम्स कॉलेजमधले नवे प्लेयर पाळीपाळीने निवडतात) टॉप-५ पिक, म्हणजे पहिल्या पाचातली पाळी, मिळालाय आणि भोकं सगळीकडेच आहेत, मग आधी कुठलं बुजवायचं? मॅडन या व्हिडिओ गेममध्ये फ्रँचायझी मोड (टीम चालवायचा) खेळणाऱ्यांनाही हेच लागू.

पहिलं म्हणजे डोक्यातनं आयपीएल ऑक्शन काढून टाका. इथे बोली नसते, सात राउंड, ३२ टीम्स, सगळ्यात खराब रेकॉर्डवाली आधी निवडते, आणि २०११ पासून रूकीचा (नव्या प्लेयरचा) पगार पिकच्या नंबरवरनंच जवळपास ठरलेला असतो. म्हणजे दुसऱ्या नंबरवर क्वार्टरबॅक (बॉल फेकून खेळ चालवणारा) घ्या नाहीतर रनिंग बॅक (बॉल घेऊन धावणारा), पैसे साधारण तेवढेच. पण बाजारात दोघांच्या भावात जमीन-अस्मानाचा फरक, टॉपचा क्वार्टरबॅक वर्षाला ५ कोटी डॉलरच्या वर जातो. आणि रनिंग बॅक सेक्वॉन बार्कली, ज्याच्यावर जायंट्सने २०१८ मध्ये दुसरा पिक घातला होता, तो ईगल्सला २०२४ मध्ये वर्षाला सव्वा कोटी डॉलरच्या आसपास मिळाला, आणि त्याच सीझनला २,००५ यार्ड धावून सुपर बोल (लीगची फायनल) पण जिंकला. तेव्हा जे बाजारात महाग, ते ड्राफ्टमधून घ्या. क्वार्टरबॅक, टॅकल (क्वार्टरबॅकपुढच्या लाइनमध्ये कडेला उभा राहून त्याला वाचवणारा), एज रशर (कडेने घुसून समोरच्या क्वार्टरबॅकला पाडणारा), वाइड रिसीव्हर (पास पकडणारा), कॉर्नरबॅक (त्या रिसीव्हरला अडवणारा). रनिंग बॅक, सेफ्टी (डिफेन्समध्ये सगळ्यात मागचा), गार्ड (लाइनमध्ये टॅकलच्या आतल्या बाजूचा), आतले लाइनबॅकर (डिफेन्समध्ये मधल्या फळीतले) नंतर.

आता क्वार्टरबॅक. सगळ्यात मोलाची पोझिशन, वाद नाही. पण त्या वर्षी खरंच भारी पोरगा नसेल तर ओढूनताणून घेऊ नका. पँथर्सने २०२३ मध्ये ब्राइस यंगसाठी डी. जे. मूर, दोन फर्स्ट राउंड आणि दोन सेकंड राउंड पिक बेअर्सना दिले, सीझन गेला २-१५ (दोन जिंकल्या, पंधरा हरल्या), आणि पुढच्या वर्षीचा जो फर्स्ट राउंड पिक देऊन टाकलेला तोच पहिला पिक निघाला, बेअर्सनी त्यावर केलेब विल्यम्स उचलला. त्याच ड्राफ्टमध्ये टेक्सन्सनी मात्र दुसऱ्या नंबरवर सी. जे. स्ट्राउड आणि लगेच तिसऱ्यावर एज रशर विल अँडरसन घेतला आणि ३-१३-१ (शेवटचा आकडा बरोबरीचा) वरनं थेट १०-७. म्हणजे क्वार्टरबॅक घेणं चूक नाही, फक्त त्याच्यापायी बाकी सगळं विकू नका.

आणि क्वार्टरबॅकपुढे लाइनमध्ये उभं कोण राहणार हे आधी बघा. २००२ मध्ये टेक्सन्स नवीन टीम होती, पहिल्याच पिकला डेव्हिड कार घेतला आणि बिचाऱ्याला एका सीझनमध्ये ७६ वेळा सॅक केलं (बॉल टाकायच्या आत पाडलं), तो रेकॉर्ड अजून कोणी मोडलेला नाही. पोरगा कितीही टॅलेंटेड असू दे, रोज आपटला तर शिकणार कधी?

माझ्या मते बघण्यासारखं उदाहरण लायन्सचं. २०२१ मध्ये त्यांचा क्वार्टरबॅक स्टॅफर्डला रॅम्सकडे पाठवलं, बदल्यात क्वार्टरबॅक जॅरेड गॉफ, दोन फर्स्ट राउंड पिक आणि एक थर्ड राउंड. सातव्या पिकला टॅकल पेनेई सूएल. त्या वर्षी ३-१३-१, लोकं हसत होती. २०२२ ला दुसऱ्या पिकला एज रशर एडन हचिन्सन. क्वार्टरबॅकच्या मागे धावलेच नाहीत, गॉफवरच भागवलं. आणि मग २०२३ ला १२व्या पिकला रनिंग बॅक गिब्स, १८व्याला लाइनबॅकर कॅम्पबेल, म्हणजे मी वर जे ‘नंतर’ म्हणालो तेच, तेव्हा सगळ्यांनी नाकं मुरडली. पण लाइन आधीच उभी होती ना, म्हणून चाललं, १२-५ आणि एनएफसी फायनल (सुपर बोलच्या आधीची मॅच). हीच दोन नावं २०२१ ला घेतली असती तर काय उपयोग होता?

उलटं उदाहरणही आहे, लपवत नाही. बेंगल्सनी २०२१ ला पाचव्या पिकला सूएल समोर असताना रिसीव्हर जमार चेस घेतला आणि त्याच सीझनला सुपर बोलला गेले. पण तिथे त्यांचा क्वार्टरबॅक जो बरोला सात सॅक बसले आणि हरले, ते पण स्टॅफर्डच्याच रॅम्सकडून.

दोन प्लेयर सारख्याच तोडीचे वाटत असतील तर महागड्या पोझिशनचा घ्या, आणि फारच फरक असेल तर सरळ चांगला प्लेयर घ्या, पोझिशन गेली खड्ड्यात. मनासारखं कोणीच नसेल तर खाली ट्रेड करून (आपला वरचा पिक देऊन दुसऱ्या टीमचे खालचे घेऊन) जास्तीचे पिक घ्या, रिबिल्डमध्ये जेवढे जास्त पिक तेवढं बरं, कारण निम्मे तरी फसतातच असं धरून चालायचं.

टाइट एंड (अडवणारा पण आणि पास पकडणारा पण), सेफ्टी दुसऱ्या राउंडपासून बघा, लायन्सना टाइट एंड लापोर्टा आणि सेफ्टी ब्रायन ब्रँच दोघं तिथेच मिळाले. किकर मात्र वरती अजिबात नको, बुकॅनीअर्सनी २०१६ ला ट्रेड-अप करून (पिक देऊन वरची पाळी घेऊन) दुसऱ्या राउंडमध्ये अग्वायो घेतला आणि पुढच्याच वर्षी सोडला. शेवटच्या राउंडला अंगापिंडाने राक्षस असलेला कच्चा माल उचला, खास करून टॅकल. ईगल्सनी २०१८ ला सातव्या राउंडमध्ये जॉर्डन मायलाटा घेतला, ऑस्ट्रेलियातला रग्बीवाला, फुटबॉलची एक मॅच खेळलेला नव्हता, आता त्यांचा लेफ्ट टॅकल तोच आहे.