‘चार लग्नांची आयत’ वाचायची कशी

दुसऱ्या निकाहाचा विषय निघाला, की ‘कुराणात चार सांगितल्यात’ म्हणणारे एक तरी मामू आमच्या मिरजेतल्या बैठकीत असतातच. त्यामुळे मोहल्ल्यातल्या मुलींना कुराणाचा मराठी तर्जुमा शिकवताना मी सूरा निसाची, म्हणजे कुराणातल्या ‘निसा’ नावाच्या अध्यायाची, तिसरी आयत (वचन) आधी घेते.

आधी एक आयत मागे जा. दुसऱ्या आयतीत काय आहे? यतिमांचा, म्हणजे पोरक्या मुलांचा, माल त्यांना द्या, त्यांचं चांगलं काढून आपलं खराब त्यात सरकवू नका. मग तिसरी सुरू होते तीच ‘यतिमांशी न्याय जमणार नाही अशी भीती असेल तर’ अशी. दोन, तीन, चार हे त्यानंतर. आणि लगेच, न्याय जमणार नसेल तर एकच. मामू दोन्ही टोकं कापून मधलं तेवढं सांगतात.

मग शान-ए-नुजूल, म्हणजे आयत कुठल्या प्रसंगी उतरली ते, बघा. बरेच भाष्यकार ही आयत इ.स. 625च्या उहुदच्या लढाईशी जोडतात. तिथे सुमारे 70 मुसलमान मारले गेले, मागे विधवा आणि पोरकी पोरं राहिली. बुखारी या हदीससंग्रहातला, पैगंबरांच्या पत्नी हजरत आयशांचा खुलासा मात्र जास्त झोंबणारा आहे: यतीम मुलीच्या मालावर नि रूपावर डोळा ठेवून, वाजवी महर (नवऱ्याने बायकोला द्यायची रक्कम) न देताच तिच्याशी निकाह करू पाहणारा पालक. ताकीद आहे ती त्याला.

आता त्याच सूरेची 129वी आयत काढा: कितीही वाटलं तरी बायकांमध्ये पुरता न्याय तुम्हाला जमणार नाही. इथे घाई नको. जुने फकीह, म्हणजे इस्लामी कायद्याचे पंडित, म्हणतात, हे मनाच्या ओढीबद्दल आहे. खर्च नि वेळ सारखा दिला की झालं. त्यांचंही वाचा, नाहीतर आपणही मामूच. ट्युनिशियाने 1956मध्ये बहुपत्नीत्वावर बंदी घातली, तेव्हा तिथले नेते बुर्गीबा यांनी हीच न्यायाची अट पुढे केली होती. मला ते पटतं.

शेवटी विचारा, आजचा तो पालक कोण? माझ्या मते, बाप गेलेल्या पुतणीचा हिस्सा दाबून बसलेला चुलता. सहावी आयत तर यतिमांचा माल साक्षीदारांसमोर परत करायला सांगते. म्हणून मुलींना सांगते, निकाहनाम्यात तफवीजची, म्हणजे तलाकचा हक्क बायकोलाही सोपवण्याची, अट घालून घ्या, आणि त्याआधी तलाठ्याकडे जाऊन सातबाऱ्यावर तुमचं नाव चढलंय का ते बघा.