पॅराग्लायडिंग शिकायचंय आणि घरपण सांभाळायचंय? मग हे वाचा

2025 च्या फेब्रुवारीत पसरणीचा एक कॉलेजचा पोरगा परीक्षेला वेळेत पोचायला पाचगणीवरनं पॅराग्लायडिंग करत खाली उतरला, तो व्हिडिओ सगळ्यांनी बघितला असेल. तेव्हापासनं मला शिकायचं कसं हे विचारणारे वाढलेत, आणि त्यातले निम्मे नोकरी-लेकरंवाले. एक लक्षात घ्या, तो पोरगा अनुभवी पायलटसोबत टँडेमवर, म्हणजे एकाच ग्लायडरला दोघं बांधून, होता. एकट्यानं उडायचं तर रीतसर कोर्स करायचा, पी-1 पी-2 या सुरुवातीच्या पायऱ्यांपासनं, आणि ग्लायडर ईएन-ए, म्हणजे सुरक्षिततेच्या चाचणीत सगळ्यात सोपा ठरलेला, नाहीतर त्याच्या वरच्या बी वर्गातला सोपा, त्यापुढं सध्या बघायचं पण नाही.

संसारी माणसाला सगळ्यात मोठा धोका वाऱ्याचा नाही, घाईचा आहे. आठवड्यातनं एकच रविवार मिळतो, तो पण बायकोला मनवून, पसरणी घाट चढून वर जायचं आणि बघायचं तर वारा जास्त, मग वाटतं एवढं आलोय तर एक उडी मारूच. इथंच घात होतो. साध्या ग्लायडरचा स्वतःचा वेग ताशी 35-38 किलोमीटर, म्हणजे समोरनं तेवढाच वारा आला तर तुम्ही हवेत जागच्या जागी, आणि त्याहून वाढला तर उलटं डोंगरामागं ढकलले जाणार, जिथं वारा भोवऱ्यासारखा गोल फिरत असतो. म्हणून नवीन असताना 18-20 च्या वर वारा असला की बॅग उघडायचीच नाही. चाळकेवाडीला तर ग्लायडर नेऊच नका, पवनचक्क्या तिथं उगाच उभ्या केलेल्या नाहीत.

हा 18-20 चा आकडा घरी बसून, बायकोसमोर ठरवायचा आणि कागदावर लिहून फ्रिजवर चिकटवायचा. डोंगरावर गेल्यावर डोकं वेगळं चालतं.

आता रविवार वाया जाऊ द्यायचा नसेल तर ग्राउंड हँडलिंग, म्हणजे न उडता जमिनीवरच ग्लायडर सांभाळायचा सराव, आणि मला विचाराल तर खरं शिक्षण हेच. गावाजवळ मोकळं गवताचं मैदान बघा, ज्वारी काढलेलं रान नको, धसकटांनी कापड फाटतं, बाभळीच्या काट्यात लाइन, म्हणजे ग्लायडरची दोरी, अडकली तर तासभर गेलाच. वारा 10-15 असला की विंगकडं, म्हणजे ग्लायडरच्या कापडी पंखाकडं, तोंड करून उभं राहायचं, ए-रायझर (पंखाच्या पुढच्या कडेच्या दोऱ्यांचे पट्टे) हलके उचलायचे, विंग वर चढायला लागली की तिच्याकडं दोन पावलं जायचं आणि डोक्यावर आली की ब्रेकचा (पंखाची मागची कड खाली ओढणाऱ्या दोऱ्यांचा) जरासा स्पर्श, नाहीतर ती पुढं पळून खाली पडते. डावीकडं कलली तर ओढत बसायचं नाही, आपण पण डावीकडं तिच्याखाली सरकायचं. हे हाताला न बघता जमायला लागलं की टेकऑफवरची निम्मी भीती जाते. आणि याला हेल्मेट आणि हार्नेस, म्हणजे अंगाला बांधायची पट्ट्यांची बैठक, घालायचंच, जमिनीवर आहे म्हणून सोडायचं नाही, जोराची झुळूक माणसाला फरफटत नेते. पोरांना घेऊन जा पण विंगच्या पुढं आणि लाइनमध्ये कुणी यायचं नाही एवढं दरडावून सांगा. माझी मुलगी लांब उभी राहून चेकलिस्ट ओरडते, पायाचे पट्टे, छातीचा पट्टा, हेल्मेट, रिझर्व्हची (जादाच्या पॅराशूटची) पिन, आणि मी एकेकाला हात लावून हो म्हणतो. पायाचे पट्टे विसरून उडाल्यानं जगभरात माणसं गेलीत, त्यामुळं हा आमच्याकडं खेळ नाही.

घरच्यांना परत यायची वेळ कधी सांगू नका, वेळ गाठायच्या नादात माणूस चुकीचं लँडिंग घेतो. त्यापेक्षा लाइव्ह लोकेशन चालू ठेवा आणि उतरल्यावर ग्लायडर गोळा करायच्या आधी फोन करा. मार्च ते मे भर दुपारचे थर्मल, म्हणजे तापलेल्या जमिनीवरनं वर उठणारे गरम हवेचे झोत, लई जोरात असतात, नवीन माणसानं इन्स्ट्रक्टर सांगेल त्या शांत वेळेलाच उडायचं, म्हणजे बाकीचा दिवस घरचाच. उतरताना स्ट्रॉबेरीचं रान टाळा, शेतकऱ्याचं वर्षाचं पीक असतं ते.

पैशाचं पण बोलून घ्या. बऱ्याच विमा पॉलिसीत असले खेळ वगळलेले असतात, एजंटच्या तोंडी शब्दावर जाऊ नका, लेखी घ्या. रिझर्व्ह पॅराशूट वर्षातनं एकदा तरी जाणकाराकडनं उघडून परत पॅक करून घ्यायचं, तो खर्च आधीच बाजूला काढा.

जून ते सप्टेंबर इथं उडणं बंदच असतं. ते चार महिने पूर्ण घरचे. ऑक्टोबरात सुरू करताना मात्र पहिले एक-दोन रविवार मैदानातच घालवा, आणि पहिली उडी इन्स्ट्रक्टर रेडिओवर असतानाच मारा.