माइक शेवटी घ्या: पॉडकास्ट सुरू करताना या चुका टाळा

मिरजेच्या सतारमेकर गल्लीत मी एका कारागीर काकांची मुलाखत घ्यायला गेलो, तेव्हा माझ्याकडे नवाकोरा कंडेन्सर माइक होता. तो दोघांच्या मधे चौरंगावर ठेवला आणि दीड तास गप्पा मारल्या. तानपुऱ्याच्या घोडीवर तारेखाली सूत कुठवर सरकवलं की जवारी, म्हणजे तारेचा भरीव झंकार, उघडते, हे काका मला बोटाने दाखवत होते. मीही त्यांच्या बोटाकडेच बघत होतो. सांगलीला घरी येऊन हेडफोन लावला, तर काका दोन खोल्या पलीकडून बोलतायत असं वाटत होतं. मागे लाकडावर कानस मारणारा पोरगा मात्र थेट माझ्या कानाशी बसला होता. वर पंख्याची घरघर होतीच. जवारीबद्दलचं सगळ्यात मोलाचं वाक्य गल्लीतून गेलेल्या एका स्कूटरखाली दबून गेलं होतं.

काका पुन्हा बोलायला तयार झाले, तो त्यांचा मोठेपणा. पण माणूस पहिल्यांदा सांगतो तेव्हा त्याच्या आवाजात जे असतं, ते दुसऱ्या वेळी येत नाही. म्हणून इथे चुकांबद्दल सविस्तर लिहितोय. नवीन पॉडकास्ट काढणारा प्रत्येकजण पहिला प्रश्न विचारतो, ‘कोणता माइक घेऊ?’ माझ्या मते हा प्रश्न चौथ्या नंबरचा आहे. त्याच्या आधी खोली, तोंडापासूनचं अंतर आणि हेडफोन येतात.

खोली न ऐकता खरेदीला जाणं

तानपुऱ्याचा भोपळा तारेचा आवाज मोठा करतो, कारण तेच त्याचं काम आहे. आपली रिकामी खोलीही न सांगता तेच काम करत असते. आपल्याकडे १० बाय १० ची खोली सर्रास असते आणि छतही बहुतेक वेळा दहा फुटांच्या आसपास असतं. हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. त्या हिशेबाने दहा फुटांच्या दोन समोरासमोरच्या भिंतींमध्ये ५६ हर्ट्‌झचा सूर घुमतो आणि मग त्याच्या पटीतले ११२, १६८ हेही (हर्ट्झ म्हणजे सेकंदाला होणारी कंपनं). पुरुषाच्या बोलण्याचा मूळ सूर साधारण ८५ ते १८० हर्ट्‌झच्या पट्ट्यात असतो. तिन्ही मापं सारखी असली की तेच सूर तीनदा घुमतात आणि आवाज हंड्यात तोंड घालून बोलल्यासारखा येतो. अशा खोलीत बरोब्बर मधोमध बसू नका, एका भिंतीकडे थोडं सरकून बसा. त्यापेक्षा लांबट खोली मिळाली तर तीच घ्या.

टाळी वाजवून बघा. टाळीमागे ‘टणण्’ असा शेपटासारखा आवाज राहिला, तर माइक कितीही भारी असला तरी तो शेपूट रेकॉर्ड होणारच. उपाय घरातच आहे. गादी उभी करा, वाकळ टांगा, खाली सतरंजी घाला, साड्यांनी भरलेलं कपाट उघडं ठेवा. भिंतीला अंड्यांचे ट्रे चिकटवू नका, त्यांनी फारसं काही शोषलं जात नाही. इंचभर जाडीचे फोमचे तुकडे वरची चिरचिर कमी करतात, पण खालच्या घुमण्याला हातही लावत नाहीत. त्यासाठी जाडी लागते आणि ती गादीत असते.

वाकळ टांगतानाही एक चूक हमखास होते. सगळे ती माइकच्या मागे टांगतात. पॉडकास्टचे बहुतेक माइक कार्डिऑइड जातीचे असतात. त्यांना समोरचं नीट ऐकू येतं आणि पाठीमागचं जवळजवळ नाही. आता माइकच्या समोर काय असतं? बोलणारा, आणि त्याच्या पाठीमागची भिंत. पहिली वाकळ त्या भिंतीवर गेली पाहिजे. माइकची पाठ खिडकीकडे किंवा फ्रीजच्या दिशेला करा, म्हणजे नको तो आवाज त्याच्या बहिऱ्या बाजूला पडतो.

वेळेचंही तसंच. उसाचा हंगाम सुरू झाला की रात्रभर ट्रॅक्टर गाणी लावून जातात, हे कारखान्याच्या रस्त्यावर राहणाऱ्याला सांगायला नको. पावसाळ्यात पत्र्याच्या खोलीत रेकॉर्डिंग ठेवू नका, सर आली की सगळं गेलं. मला दुपारी दोन ते चार ही वेळ सर्वात सोयीची वाटते. कुकरच्या शिट्या झालेल्या असतात आणि शाळा सुटलेली नसते.

महाग म्हणजे चांगला, या समजुतीने माइक घेणं

कंडेन्सर माइक फार संवेदनशील असतो. स्टुडिओत तो गुण आहे, गल्लीतल्या घरात तोच दोष ठरतो, कारण त्याला शेजारच्या अंगणातली बादलीसुद्धा ऐकू येते. घरच्या रेकॉर्डिंगला डायनॅमिक, म्हणजे कमी संवेदनशील जातीचा, माइक जास्त माफ करतो. शुअरचा एसएम ५८ हा १९६६ पासून बाजारात आहे आणि आजही कीर्तनापासून ऑर्केस्ट्रापर्यंत दिसतो. त्याला ४८ व्होल्टची फँटम पॉवर, म्हणजे वायरीतून माइकला द्यायची वीज, लागत नाही आणि तो जवळून बोलण्यासाठीच बनवला आहे. सुरुवातीला यापेक्षा जास्त कशाची गरज आहे, असं मला वाटत नाही.

व्हिडिओत सगळ्यांसमोर दिसतो तो एसएम ७ बी घ्यायचा मोह होतो. माइक उत्तमच आहे, पण त्याचा सिग्नल इतका बारीक असतो की त्याला सुमारे ६० डेसिबल (आवाजाच्या पातळीचं माप) गेन द्यावा लागतो, म्हणजे आवाज तेवढा वाढवावा लागतो. माइक लॅपटॉपला जोडणाऱ्या साध्या ऑडिओ इंटरफेसचं बटण शेवटपर्यंत फिरवलं की आवाजाबरोबर ‘स्स्स’ही वर येते. मग लोक माइकला दोष देतात.

उभ्या डब्यासारखे यूएसबी माइक घेणाऱ्यांची एक चूक मी वारंवार पाहिली आहे. ब्लू यतीसारख्या माइकमध्ये बोलायचं ते बाजूने, जिथे कंपनीचं नाव असतं तिथून. त्याच्या टोकात आइस्क्रीमच्या कोनसारखं बोललं तर आवाज दबका येतो. शिवाय त्यावर दिशा निवडायचं बटण असतं. ते चारी बाजूंच्या आवाजावर राहिलं, तर कार्डिऑइडचा सगळा फायदा गेला.

कॉलर माइकची गंमत वेगळीच. तुमच्या ३.५ मिमीच्या पिनेवरच्या काळ्या पट्ट्या मोजा. दोन पट्ट्या म्हणजे ती कॅमेऱ्याची, तीन पट्ट्या म्हणजे फोनची. दोन पट्ट्यांची पिन फोनमध्ये घातली तर फोन तो माइक ओळखत नाही आणि निमूटपणे स्वतःच्या माइकवर रेकॉर्ड करत राहतो. बोया बीवाय-एम १ वर फोन आणि कॅमेरा असं सरकवायचं बटण आहे, ते चुकीच्या बाजूला असलं तरी घोटाळा होतो. लॅपटॉपवरही हेच घडतं. यूएसबी माइक लावलेला असतो, सॉफ्टवेअरमध्ये मात्र लॅपटॉपचाच माइक निवडलेला राहतो. खात्री करायला नखाने माइकची जाळी हलकेच खाजवा. कानात मोठी खरखर आली तर तोच माइक चालू आहे. नाही आली तर फोन खाजवून बघा, उत्तर मिळेल. दहा सेकंदांच्या या परीक्षेने माझे कितीतरी तास वाचले आहेत.

लांबून, जोरात आणि सरळ तोंडासमोर बोलणं

सांगली ही नाट्यपंढरी. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी इथे मराठी नाटक उभं केलं आणि आजही इथल्या घराघरांत कुणीतरी स्पर्धेच्या नाटकात, नाहीतर वक्तृत्वात असतं. अशी माणसं माइकसमोर आली की शेवटच्या रांगेपर्यंत आवाज फेकतात. सवयच ती. पण पॉडकास्ट ऐकणारा शेवटच्या रांगेत नसतो, त्याच्या कानात आपण असतो. त्यांना मी सांगतो, ‘ताई, पहिल्या रांगेत फक्त तुमची मैत्रीण बसली आहे, तिला सांगा.’ आवाज लगेच उतरतो आणि गोड होतो.

अंतर मोजायला पट्टी नको. मूठ मिटून हनुवटी आणि माइकच्या मधे ठेवा, तेवढं डायनॅमिकला पुरे. फार तर एक वीत. तोंडापासूनचं अंतर दुप्पट झालं की आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो, खोलीचं घुमणं मात्र तेवढंच राहतं. माझ्या पहिल्या मुलाखतीत काका दोन खोल्या पलीकडून बोलल्यासारखे का वाटले, त्याचं कारण एवढंच होतं. माइक त्यांच्यापासून तीन फुटांवर होता.

जवळ आल्यावर श्वासाचे फटके बसतात आणि मराठीत ते जरा जास्तच. फ, भ, ख, ठ, घ या सगळ्यांत श्वास जोराने बाहेर पडतो. त्यातल्या ओठांनी म्हणायच्या फ, भ यांचा, आणि जोडीला प चा, माइकवर ‘धप्प’ असा धक्का बसतो. म्हणून पॉप फिल्टर, म्हणजे माइकपुढची जाळी, लावा आणि तोंड माइकच्या अगदी समोर न ठेवता थोडं बाजूला ठेवा, माइक तिरका करून गालाजवळून येऊ द्या. तपासायला इंग्रजी वाक्यं कशाला? ‘भोपळ्याच्या फोडी भाकरीबरोबर फडक्यात बांधल्या’ हे वाक्य म्हणा. त्याच्या पाठोपाठ ‘चमचाभर साजूक तूप सांजोरीत चांगलं जिरलं’ म्हणा. आपला दंत्य च आणि ज, जोडीला स, हे तिन्ही शिट्टीसारखे टोचत असतील, तर माइक नाकाच्या पातळीपासून थोडा खाली, हनुवटीकडे आणा.

पातळी ‘हॅलो, हॅलो’वर लावणं

माणूस ‘एक, दोन, तीन’ म्हणतो ते दबक्या आवाजात, आणि पाच मिनिटांनी किस्सा रंगला की खदखदून हसतो. हास्यावर आवाज फाटला तर तो नंतर शिवता येत नाही. म्हणून पाहुण्यांना विचारा, ‘आजी, तुमच्या वेळची संगमावरची जत्रा कशी असायची?’ त्या रंगात आल्या की मग गेन लावा. मीटरवरची सगळ्यात उंच उडी उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या मधे राहिली पाहिजे, शून्याला कधीच टेकता कामा नये. २४ बिटवर रेकॉर्ड करत असाल तर थोडं खाली राहिलं तरी चिंता नाही, नंतर चढवता येतं.

फोनवर रेकॉर्ड करताना विमान मोड लावायचा, ही एवढीशी गोष्ट विसरली की मुलाखतीच्या मधोमध आत्याचा फोन येतो आणि रेकॉर्डिंग थांबतं. ब्लूटूथ इअरफोनचा माइक तर वापरूच नका. त्यावर आवाज फोनवरच्या बोलण्याच्या दर्जाला उतरतो. वायरवाले, कान पूर्ण झाकणारे हेडफोन घ्या आणि रेकॉर्डिंग चालू असताना डोक्यावर ठेवा. ते दिसायला औपचारिक वाटतात, पाहुणे बिचकतील अशी भीती वाटते. दोन मिनिटांत विसरतात.

भुणभुण येतेय, कुठून?

हा प्रश्न मला सर्वात जास्त विचारला जातो. आपल्याकडची वीज ५० हर्ट्‌झची, त्यामुळे तिची भुणभुण ५०, १०० आणि १५० हर्ट्‌झवर ऐकू येते. पहिलं काम, लॅपटॉपचा चार्जर काढा. थांबली? मग दोष चार्जरमध्ये किंवा घराच्या अर्थिंगमध्ये आहे, बॅटरीवर रेकॉर्ड करा. नाही थांबली तर माइकची वायर विजेच्या वायरीला समांतर पसरलीय का बघा. दोन्ही वायरी एकमेकींना ओलांडायच्याच असतील तर काटकोनात ओलांडू द्या. लांब अंतरासाठी एक्सएलआरची (तीन पिनांची) संतुलित वायर घ्या, तिच्यात बाहेरची भुणभुण दोन तारांवर सारखी येते आणि पुढच्या टोकाला वजा होऊन जाते. वीज गेल्यावर इन्व्हर्टरवर पंखा वेगळाच गुणगुणतो, तोच आवाज रेकॉर्डिंगमध्येही उतरतो, म्हणून लोडशेडिंगच्या वेळापत्रकावर नजर ठेवा. मधूनच ‘टिर्र टिर्र’ येत असेल तर माइकजवळ कुणाचा तरी मोबाइल आहे.

दोन माइकवर दोघे बोलत असताना आवाज पोकळ येत असेल, तर दोन्ही माइक एकमेकांच्या फार जवळ आहेत. तोंड ते माइक जेवढं अंतर, त्याच्या निदान तिप्पट अंतर दोन माइकमध्ये ठेवा.

कृष्णेच्या घाटावर किंवा हरिपूरच्या संगमावर बाहेर रेकॉर्ड करायचं असेल, तर फोमची टोपी पुरत नाही. केसाळ कापडाची टोपी लागते. वारा दिसत नसला तरी नदीवर असतोच.

नंतर ‘साफ करू’ म्हणून सोडून देणं

ऑडॅसिटी मोफत आहे आणि चांगली आहे. तिच्यातलं नॉइज रिडक्शन ६ ते १० डेसिबलपर्यंत वापरलं तर काम करतं. त्याच्या पुढे गेलात की माणूस विहिरीत बुडून बोलल्यासारखा येतो. मला थोडा पंखा चालतो, ते बुडबुडे चालत नाहीत. शेवटी आवाजाची सरासरी उणे १६ एलयूएफएसला (कानाला जाणवणाऱ्या मोठेपणाचं माप) आणा, वरची टोकं उणे १ डेसिबलच्या खाली ठेवा. ॲपलची पॉडकास्टसाठीची शिफारस तीच आहे. ऑडॅसिटीच्या ‘लाउडनेस नॉर्मलायझेशन’मध्ये हा आकडा टाकता येतो. फाइल मोनो, म्हणजे एकाच चॅनेलची, असेल तर ‘ट्रीट मोनो ॲज ड्युअल मोनो’वर खूण असू द्या.

मूळ रेकॉर्डिंग वेव्ह फाइलमध्येच ठेवा, एमपी ३ फक्त शेवटी करा. ४८ किलोहर्ट्‌झ, २४ बिट, मोनो या हिशेबाने तासाला सुमारे ५२० एमबी जागा लागते. पाहुण्यांच्या दारातून निघण्याआधी त्याची एक प्रत दुसरीकडे झालेली असावी.

आणि निघण्याआधीच आणखी एक काम आहे. त्याच खोलीत, सगळे बसलेले असताना, अर्धा मिनिट कुणीही न बोलता रेकॉर्ड करा. वाक्यं कापली की मधे जी भोकं पडतात, ती भरायला त्याच खोलीची शांतता लागते, दुसरी चालत नाही. मिरजेला दुसऱ्यांदा गेलो तेव्हा काकांना हे सांगितलं. त्यांनी पोराच्या हातातली कानस खाली ठेवायला लावली, पंखा बंद केला आणि मांडीवरच्या तानपुऱ्याच्या तारांवर तळवा ठेवून डोळे मिटून बसले.