कष्टकऱ्यांच्या वतीने महापालिका लढवताना या चुका टाळा

कोल्हापुरात कष्टकऱ्यांच्या उमेदवारांची कागदपत्रे सांभाळण्याचे काम मी अनेक निवडणुकांत केले आहे, आणि निकालानंतर बिंदू चौकात ‘पैशापुढे आपले काही चालत नाही’ हे एकच वाक्य ऐकून कान किटले आहेत. पैसा चालतो हे खरेच. परंतु आपले कितीतरी उमेदवार पाकिटे वाटली जाण्याच्या आधीच हरलेले असतात.

सर्वांत महाग पडणारी चूक म्हणजे मतदार यादी न वाचणे. महापालिकेसाठी वेगळी यादी तयार होत नाही. विधानसभेची यादीच प्रभागनिहाय विभागली जाते आणि त्यात कधी कधी गल्लीच्या गल्ली शेजारच्या प्रभागात जाऊन बसते. प्रारूप यादीवर हरकत घ्यायला मोजके दिवस मिळतात, आणि नेमके तेव्हा आमचे कार्यकर्ते फलक रंगवत असतात. उद्यमनगरातल्या एका मोल्डरच्या प्रचारात मी होतो. फाउंड्रीची पाळी संपवून तो रात्री उशिरापर्यंत दारोदार फिरे. मतदानाच्या सकाळी त्याची सख्खी बहीणच केंद्रावरून परत आली, कारण तिच्या चाळीतली सारी नावे पलीकडच्या प्रभागात गेली होती. त्या चाळीत आम्ही चार बैठका घेतल्या होत्या. यादी एकदाही उघडली नव्हती. तेव्हापासून मी प्रारूप यादी छापून घेतो आणि लाल पेन घेऊन प्रत्येक दारात नावे मोठ्याने वाचतो. मोबाईलवर नाव शोधण्याचा झटपट मार्ग तरुण पोरे सुचवतात. त्याने सापडलेले नाव कळते, हरवलेली चाळ कळत नाही.

दुसरी चूक एका वस्तीच्या भरवशावर उभे राहण्याची. 2015 मध्ये शहरात 81 प्रभाग होते व प्रत्येकातून एकच नगरसेवक निवडून येई. आता त्याच 81 जागा 20 प्रभागांत विभागल्या आहेत. म्हणजे पूर्वी जी वस्ती निकाल फिरवत असे, ती आज प्रभागाचा एक कोपरा ठरते. शिवाय मतदाराला प्रत्येक जागेसाठी स्वतंत्र मत द्यायचे असते, त्यामुळे आपली जागा अ, ब, क की ड हे धुणीभांडी करणाऱ्या मावशींना नीट समजावून सांगावे लागते. भाषणात ते होत नाही, उंबऱ्यावर बसून होते.

किमान वेतन वाढवण्याचे आश्वासन महापालिकेच्या निवडणुकीत देणाऱ्याला मी सरळ थांबवतो. ते राज्य सरकारचे काम आहे. कंत्राटी सफाई कामगारांचा पगार वेळेवर होतो का, फेरीवाला समितीत विक्रेत्यांचे निवडून आलेले प्रतिनिधी आहेत का, बांधकाम मजुराला कल्याण मंडळाच्या नोंदणीसाठी लागणारा 90 दिवसांच्या कामाचा दाखला हेलपाट्यांशिवाय मिळतो का, हे प्रश्न महापालिकेच्या दारातले आहेत.

थकलेला घरफाळा, म्हणजे मालमत्ता कर, उमेदवारी अर्जापूर्वी भरावा. सूचक, म्हणजे अर्जावर आपले नाव सुचवणारा, त्याच प्रभागाचा मतदार आहे का, हे यादीत स्वतः पाहावे, त्याच्या शब्दावर विसंबू नये. राखीव जागेसाठी लागणाऱ्या जातीच्या दाखल्याच्या पडताळणीसाठी शेवटच्या आठवड्यात धावणाऱ्यांबद्दल मला आता सहानुभूती उरलेली नाही.

आणि खर्चाचा हिशेब. हरलेल्या उमेदवारालाही तो निकालापासून 30 दिवसांत द्यावा लागतो, अन्यथा तीन वर्षांपर्यंत अपात्र ठरण्याची वेळ येते. म्हणून मिसळीच्या बिलापासून रिक्षाच्या भाड्यापर्यंतच्या पावत्यांची पिशवी मी मतमोजणीच्या दिवशी, गुलाल उधळायच्या आत, ताब्यात घेतो.